बडोद्याची आखूड तलवार

बडोद्याला मी फिरायला गेले नव्हते. एका पोरीच्या हातातली तलवार सोडवायला मला बोलावलं होतं.

पोर म्हणजे गार्गी. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा सुहास, त्याची ही मुलगी. सुहास बडोद्याला गोरव्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे आणि तिथेच अकोट्याला राहतो. त्याची बायको वर्षा बडोद्याचीच, पिढ्यान् पिढ्यांची. फोन तिनेच केला होता.

"आत्या, मागच्या वर्षी तिचं बोट मोडलं. बरं झालं तशी पुन्हा गेली. आणि आता तर समोरचीच्या हातात लांब तलवार, हिच्या हातात आखूड. निदान सारख्या तरी घ्या ना! असला कसला खेळ? आमचं ऐकत नाही. तुमचं ऐकेल. तुम्ही या आणि सोडवा."

मी म्हटलं, सोडवते. शब्द देऊन बसले.

ती माझं ऐकते हे खरं आहे. लहानपणी प्रत्येक मे महिन्यात ती माझ्याकडे भिलवडीला असायची. नदीवर एकटी जायचं नाही म्हटलं की जायची नाही. बाकीची पोरं का म्हणून विचारायची, ही विचारायचीसुद्धा नाही. माझं तिच्यावर वजन आहे ते एवढंच.

परत आल्यापासून गल्लीतल्या बायका विचारतात, बडोदं कसं आहे. प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहिते. गाडीचं काही सांगत नाही. बसले, उतरले.

अकोटा

स्टेशनवर सुहास आला होता. पाया पडला आणि म्हणाला, "आत्या, प्रवास फावला ना?"

आमच्याकडे फावतं ते चोराचं. मालक झोपला की त्याचं फावतं. मी म्हटलं, "माझं कशाला फावेल? मी काय कुणाचं चोरलंय?" तो हसत सुटला. तिकडे फावणं म्हणजे मानवणं. बडोद्याची आपली माणसं मराठीच बोलतात, पण मधेमधे गुजराती पेरतात आणि त्यांना ते कळतही नाही. भाजीला शाक म्हणतात. वाक्याच्या शेवटी 'ने' लावतात. "चहा घे ने." "बस ने."

वर्षाने माझ्यासाठी स्वतःची खोली रिकामी केली होती. पलंग उंच म्हणून खाली लाकडी पाट ठेवला होता. गुडघ्यांना गरम पाण्याची पिशवी न मागता आली. मी सहसा कुणाचं कौतुक करत नाही, पण ही बाई करायला बसली की मनापासून करते. पुढे तिच्याशी वाजलं, म्हणून हे आधीच लिहून ठेवते.

पहिल्याच संध्याकाळी मी स्वयंपाकघरात डोकावले. सुहास म्हणाला, "आत्या, जेवायला वार आहे हं."

"कोणाला?"

"सगळ्यांनाच."

मी म्हटलं, असेल यांचा काही उपास. दोन केळी खाल्ली, पाणी प्यायले आणि हरिपाठ म्हणत बसले. थोड्या वेळाने बघते तर ताटं वाढलेली. पुऱ्या, बटाट्याचं शाक, गूळ घातलेली डाळ. बडोद्याच्या लोकांचे उपास असेच असतील असं समजून मी जेवले. डाळीतला गूळ पहिल्या दिवशी सहन केला. तिसऱ्या दिवशी दोनदा मागून घेतली. शेवउसळ मात्र पहिल्या घासापासून आवडली. आमच्या मिसळीचीच बहीण आहे, जरा लाडावलेली.

गार्गी त्या पहिल्या रात्री आम्ही जेवत असताना आली. पाठीवर ही लांब पिशवी. मला वाटलं सतार शिकते की काय. बुटकी पोर, माझ्याच अंगाची. डाव्या हाताचं बोट अजून थोडं वाकडं. आल्या आल्या तिने मला उचलायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, "ठेव खाली, मोडशील मला." वर्षाने पिशवीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. मी डाळ ओरपली.

दुसऱ्या दिवशी गार्गीने मला स्कूटरवर बसवून विश्वामित्रीच्या पुलावर नेलं. खाली चिखलात मगर पडली होती. आमच्या कृष्णेतही मगरी आहेत, पण आम्ही मगर दिसली की गाव गोळा करतो. इथे माणसं स्कूटर थांबवतात, मगर बघतात, शेंगदाणे खातात आणि कामाला जातात. शहराच्या मधोमध, कारखाने-दवाखाने सगळं असताना. मला ते आवडलं.

गार्गी म्हणाली, "आत्याआजी, आईने तुला कशाला बोलावलंय ते मला माहीत आहे."

"बरं झालं. माझा वेळ वाचला."

"मग सांग ना, सोड म्हणून."

"बघितल्याशिवाय कसं सांगू?"

"आणि बघून सांगितलंस तर?"

"तर सोडशील?"

मगर हलत नव्हती. "सोडेन," ती म्हणाली. "तू सांगितलंस तर सोडेन. पण मग परत कधीच हात लावणार नाही. हे आधीच सांगून ठेवते. घरात कोणी हौसेने दाखव म्हटलं तरी नाही."

तिने नाही म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं. हो म्हणून तिने सगळं माझ्या पदरात टाकलं आणि स्कूटर सुरू केली.

व्यायामशाळा

रविवारी सकाळी तिने मला जुन्या शहरातल्या एका व्यायामशाळेत नेलं. आत कुस्तीचा हौदा, एक मल्लखांब, आणि मागे लिंबाच्या झाडाखाली सिमेंटचं अंगण. त्या अंगणात ही मंडळी जमतात. कॉलेजची पोरं, एक दातांचा डॉक्टर, दोन-तीन नोकरीवाल्या बायका. शिकवणारे जिग्नेशभाई दिवसभर मोटारींचे सुटे भाग विकतात. पोट सुटलेलं, चष्म्याला दोरी. शेकडो वर्षांपूर्वी परदेशात तलवार कशी चालवत त्याची जुनी चित्रं बघून त्यांनी शिकायला सुरुवात केली आणि मग माणसं जमत गेली.

तलवारी पोलादी असतात, पण त्यांना धार नसते. मी अंगठा फिरवून बघितला. काठवटीची कड याहून तीक्ष्ण असेल. टोकाला रबरी टोपी. अंगात गोधडीसारखे टाचलेले जाड कोट, तोंडावर गव्हाच्या चाळणीसारखी जाळी. जिग्नेशभाईंनी मला खुर्ची दिली, "बेसो ने, बा," म्हणाले आणि चहा मागवला. तिकडे म्हातारीला बा म्हणतात. मी आगंतुक, तरी एकानेही कपाळाला आठी घातली नाही.

त्यांची एक रीत मला पटली. तलवार लागली की ज्याला लागली त्यानेच हात वर करायचा. मारणाऱ्याने ओरडायचं नाही. मी विचारलं, "आणि लागूनही नाही केला हात वर तर?"

"तो पछी एनी साथे रमे कोण?" जिग्नेशभाई म्हणाले. मग त्याच्याबरोबर खेळणार कोण!

आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत कुणाच्या पानावर पाय पडला तरी कबूल करत नाहीत.

गार्गीसमोर हेतलबेन उभी राहिली. ही बडोद्याजवळच्या पादरा गावात शाळेत गणित शिकवते. पस्तिशीची, दारातून वाकून यावं लागेल एवढी उंच. तिच्या हातात दोन हातांनी धरायची लांब तलवार, छातीपर्यंत येणारी. गार्गीच्या हातात एका हाताची, कोपरापासून बोटांपर्यंतच्या मापाहून थोडी मोठी. मला वर्षाचं म्हणणं पटलं. हा खेळ नव्हे, हा अन्याय आहे. हेतलबेन लांबूनच टोचू शकत होती आणि गार्गीची तलवार तिच्या सावलीलाही लागत नव्हती. पोर मागे सरकत होती, बाजूला सरकत होती, समोरची तलवार नुसती बाजूला लोटत होती.

जिग्नेशभाई कडेने हळू आवाजात म्हणत होते, "वार छे... हजी वार छे..."

मला वाटलं, गुरू 'वार कर, वार कर' म्हणतोय आणि ही घाबरून मागे जातेय. एकदा झालं, दोनदा झालं. "वार छे, गार्गी, वार छे." तरी ही मागेच. माझं डोकं तापलं. मी खुर्चीतून उठून ओरडले, "अगं, वार कर म्हणतायत ना ते! बहिरी झालीस का?"

गार्गीने माझा आवाज ऐकला आणि ती पुढे झेपावली. ती माझं ऐकते ना!

तेव्हाच हेतलबेनची लांब तलवार वरून खाली यायला निघाली होती आणि पोर सरळ तिच्याखाली गेली.

मी जन्मभर खाणावळ चालवली. मुसळ खाली येताना मधे हात आला की काय होतं ते मी बघितलेलं आहे. मुसळ थांबत नाही. पण त्या बाईचे हात मधल्या मधे वळले. पातं आडवं झालं, आणि जे डोक्यावर बसायचं ते चपटं होऊन गार्गीच्या उजव्या हातावर बसलं. मोठा आवाज झाला. गार्गीने डावा हात वर केला, मग जाळी काढली आणि हात चोळत खाली बसली. हेतलबेनने तलवार तशीच टाकून तिच्या हाताची बोटं एकेक हलवून बघितली. मोडलं काही नव्हतं.

मग गार्गी हसायला लागली. "आत्याआजी, अगं वार म्हणजे तो वार नाही! इथे वार म्हणजे वेळ. वार छे म्हणजे अजून वेळ आहे. थांब, असं सांगत होते ते मला!"

"बा, तमे तो मारी नाख्या!" तुम्ही तर मारलंच आम्हाला, म्हणत जिग्नेशभाईंनी कपाळाला हात लावला. दातांचा डॉक्टर हसून हसून खाली बसला.

म्हणजे सुहास म्हणाला होता त्या 'जेवायला वार आहे'चाही अर्थ, जेवायला वेळ आहे. मी उगीच केळी खाल्ली. केळ्यांचं जाऊ दे, पण एक शब्द आमच्याकडे हाणायचा आणि त्यांच्याकडे थांबायचा, आणि त्यात पोरीचा हात सापडला.

जिग्नेशभाईंनी मला मग नीट समजावलं. आखूड तलवारवालीने आधी मारायचंच नसतं. लांब तलवार एकदा खाली गेली की परत वर यायला वेळ लागतो. तेवढ्यात आत शिरायचं. आत शिरलं की लांबवालीला जागाच उरत नाही. तोपर्यंत धीर धरायचा. मी गार्गीला विचारलं, "मग तू सारखी तलवार का घेत नाहीस?"

"सारखी घेतली तरी माझे हात आखूडच राहणार ना?" ती म्हणाली. "आखूडच आहे तर आखूड घेऊनच शिकते."

हेतलबेनचे मी पाय धरले असते, पण ती वयाने लहान. म्हणून तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले. तो पोचेना. ती वाकली.

पादरा

हेतलबेनने आम्हाला जेवायला पादऱ्याला नेलंच. नको म्हटलं तरी गाडीत बसवलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाजीचे मळे, बाजारात वांग्यांचे ढीग. घरी तिची सासू कांताबा, माझ्याच वयाची, दात माझ्यापेक्षा कमी. जेवायला बाजरीचा रोटला, वांग्याचं भरीत, गूळ-तूप आणि ताक. रोटला आमच्या भाकरीच्या दुप्पट जाड. मला वाटलं कच्चा असणार. मोडून बघितला, आतपर्यंत भाजलेला. मी त्या बाईला हात जोडले. मी हजारो भाकऱ्या केल्या असतील, एवढी जाड मला भाजता येणार नाही.

ती मराठी बोलत नव्हती, मी गुजराती बोलत नव्हते. अडचण काही आली नाही. मी विचारलं, "सुनेला तलवार खेळू देता, लोक नावं नाही ठेवत?"

कांताबा म्हणाली, "त्यां मारी आवे छे, एटले घरमां शांति छे."

तिकडे मारून येते म्हणून घरात शांतता आहे! हेतलबेन वाढताना पळीसकट हसत उभी राहिली.

मग मी खरं विचारायचं ते विचारलं. "भीती नाही वाटत?"

कांताबाने ताकाचा पेला खाली ठेवला. "बीक तो लागे ने," ती म्हणाली. भीती तर वाटतेच. सून मोटार घेऊन शाळेत जाते तेव्हाही वाटते. पोरगं शहरात जातं तेव्हाही. मग तिने गार्गीच्या हाताकडे बघितलं, उठली आणि हळद-मीठ गरम करून आणलं. स्वतः लेप लावला. माझ्यामुळे लागलेल्या हाताला एक अनोळखी म्हातारी लेप लावत होती. निघताना दोघी दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "आवजो." आमच्याकडे जाणारा 'येतो' म्हणतो, तिकडे राहणारा 'या' म्हणतो. काम तेच. मी अजून त्या घराचं देणं लागते असं मला वाटतं.

पुन्हा अकोटा

वर्षाने दार उघडलं आणि आधी हातच बघितला. हळदीतून निळं दिसत होतंच.

"बघा," ती मला म्हणाली. "बघितलंत ना डोळ्यांनी? आता तरी सांगा तिला."

"तो माझ्यामुळे लागलाय," मी म्हटलं आणि वारचं सगळं सांगितलं. सुहासला हसू आलं, ते त्याने खोकल्यात घातलं. वर्षाला नाही आलं.

"म्हणजे तुम्ही सांगणार नाही."

"नाही."

"शब्द दिला होतात तुम्ही."

"दिला होता. मोडला. बघितलं नव्हतं तेव्हा दिला होता. ती माझ्या सांगण्यावरून सोडेल, वर्षा, आणि मग परत हात लावणार नाही. हे मी माझ्या अंगावर घेणार नाही. तू आई आहेस, तूच सांग. पण बघून सांग. तू एकदाही गेलेली नाहीस."

"मला बघवणार नाही," ती म्हणाली. मग आवाज चढला. "माझ्या माहेरी आजोबांच्या आजोबांची तलवार आहे, आत्या. संस्थानात होते ते. आमच्याकडे तलवार दसऱ्याला पुजतात. झेंडू वाहतात आणि परत ठेवून देतात. फिरवत नाहीत."

"ते आजोबा काय झेंडू वाहायलाच नोकरीला होते?" मी म्हटलं.

ती माझ्याशी बोलेनाशी झाली. पण गरम पाण्याची पिशवी रोज येत राहिली. बोलणं बंद ठेवून पिशवी देणारी माणसं मी फार थोडी बघितली आहेत. त्या आठवड्यात तिने मला कमाटीबाग दाखवली, हिरवा चिवडा दिला, साडी घेतली. सगळं तोंड फुगवून. आणि शनिवारी भांडी लावताना भांड्यांनाच सांगितल्यासारखं म्हणाली, "उद्या मी येते."

शेवटचा रविवार

माझी गाडी दुपारची होती. सामान सुहासच्या गाडीत ठेवूनच आम्ही व्यायामशाळेत गेलो. वर्षा हाताची घडी घालून बसली. तिने गार्गीला आधीच सांगून टाकलं होतं, "मी बघणार आणि मग जे सांगेन ते ऐकायचं." गार्गी हो म्हणाली होती. जाळी घालताना पोरीचा चेहरा उतरलेला होता.

समोर हेतलबेनच. पहिल्यांदा गार्गीला खांद्यावर लागलं. हात वर. दुसऱ्यांदा मांडीवर. हात वर. वर्षा माझ्याकडे बघेना. तिसऱ्यांदा गार्गी आत शिरली पण पुन्हा लागलं.

वर्षा मोठ्याने म्हणाली, "हातात एवढी लांब तलवार असली की मीसुद्धा मारेन! त्यात काय मोठं?"

जिग्नेशभाईंनी चष्मा वर केला. "तो लो ने, बेन."

मग घ्या ना, बाई. त्यांनी नवशिक्यांना देतात ती नायलॉनची लांब तलवार पुढे केली. वर्षाला वाटलं थट्टा आहे. पण ते धरूनच उभे राहिले. सुहास म्हणाला, "अगं, जाऊ दे." नवऱ्याने जाऊ दे म्हटलं म्हणून ती उठली. ओढणी कमरेला बांधली. हेतलबेनने तिला कोट चढवला, जाळी घातली, मुठीवर दोन्ही हात कसे ठेवायचे ते दाखवलं. गार्गीनेही नायलॉनची आखूड तलवार घेतली.

"मार, आई."

"लागेल तुला."

"मार ना."

पालीला झाडू दाखवावा तशी वर्षाने तलवार पुढे केली. गार्गीने ती टिचकी मारल्यासारखी बाजूला केली. पुन्हा केली, पुन्हा बाजूला. कोणीतरी हसलं. मग वर्षाला राग आला. तिने तलवार डोक्यावर नेली आणि खाली आणली, दोन्ही हातांनी, पूर्ण. तो फटका खरा होता. वर्षभर ती पोरीच्या वाटेकडे डोळे लावून खिडकीत उभी राहिली होती, ते सगळं त्यात होतं. थोडा माझ्यावरचा रागही असेल.

गार्गी मागे गेली नाही. आखूड तलवार आडवी धरून तिने तो वरच्यावर घेतला, बाजूने सरकवला आणि आत आली. एकदम आत. दोन जाळ्या एकमेकींवर आपटल्या. पोरीची मूठ आईच्या पोटाला टेकली होती आणि आईचे दोन्ही हात लांब तलवारीसकट पोरीच्या पाठीमागे गेले होते, तिथे त्यांना करायला काही उरलं नव्हतं. कोणी त्याला मिठी म्हणेल. तशी ती नव्हती. पोर नियमाप्रमाणे शिरली होती.

दोघी तशाच उभ्या राहिल्या. जाळीतून वर्षाचा आवाज आला, "अगं, इतक्या जवळ येतेस तू?"

"यावंच लागतं. लांब राहिले की मला लागतं."

वर्षा मागे सरकली, जाळी नीट केली, दोन्ही हातांनी मूठ पुन्हा धरली. या वेळी हेतलबेनने दाखवली होती तशी.

"परत ये," ती म्हणाली. "आता बघते कशी आत येतेस ती."

सोडायचं की नाही, हे नंतर कोणी कोणाला विचारलं नाही. सुहास मला घड्याळ दाखवत होता, गाडी चुकेल म्हणत होता. मी त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवलं.